निसर्ग नियमांनीच चालत असेल, तर ख्रिस्ती मतानुसार देव नेमकं करतो काय?

जेवढं काम नियम करतात तेवढं देवाच्या वाट्याचं कमी होतं, असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलंय. ख्रिस्ती विचारातल्या मुख्य परंपरेला ही वाटणीच मान्य नाही.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने ते फार नेमकं मांडलं. लाकूड जळतं ते खरोखर आगीनेच जळतं, तिच्या आडून देव गुपचूप जाळत नसतो. पण आग मुळात आहे आणि तिच्यात जाळायची शक्ती आहे, ही क्षणोक्षणी देवाची देणगी. म्हणजे जळणं अर्धं देवाचं नि अर्धं आगीचं नाही. पूर्ण देवाचं आणि पूर्ण आगीचंही. देव आद्य कारण, आग दुय्यम. वस्तूंना स्वतः काही घडवू देण्यात देवाला कमीपणा नाही, उलट तो त्याचा चांगुलपणा, असंही अक्वायनस म्हणतो. म्हणूनच आमच्याकडे आजाऱ्यासाठी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) आणि अँटिबायोटिकचा कोर्स दोन्ही बिनदिक्कत एकदम चालतं.

ही समज सुटली की काय होतं, ते न्यूटनच्या बाबतीत दिसतं. ग्रह-धूमकेतू एकमेकांना ओढतात, त्यामुळे कक्षांमध्ये बारीक बिघाड साठत जाईल आणि कधीतरी ही व्यवस्था नीट लावावी लागेल, असं त्याने लिहिलं. १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने यावर टोमणा मारला: म्हणजे यांच्या देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून चावी द्यावी लागते! न्यूटनच्या बाजूने सॅम्युअल क्लार्कने उत्तर दिलं, की ज्याच्यावाचून राज्याचं काही अडत नाही, तो राजा नावापुरताच. पत्रापत्री लाइबनिट्सच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७१६ पर्यंत चालली. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण पुढे फ्रेंच गणिती लाप्लासने दाखवलं, की गुरू-शनीच्या गतीतला जो फरक साठतच जाणार असं वाटत होतं, तो सुमारे ९०० वर्षांच्या चक्रात भरून निघतो. बिघाडात देव शोधणाऱ्यांची पंचाईत झाली. अक्वायनसला याने काहीच फरक पडला नसता. त्याचा देव बिघाडात जितका, तितकाच सुरळीतपणातही आहे.

चमत्कारांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. सुरुवातीच्या शतकांतला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिन याचं म्हणणं असं, की चमत्कार निसर्गाविरुद्ध नसतो, निसर्गाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याविरुद्ध असतो. मला हे जरा सोयीचं उत्तर वाटतं, पण असो.

या विचाराची किंमतही आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी पोर्तुगालची राजधानी लिस्बनची चर्चेस भरलेली असताना भूकंप झाला. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूने पत्रक काढलं, की हे नैसर्गिक कारणांनी नव्हे, तुमच्या पापांमुळे झालं. मंत्री पोंबालने मात्र गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली धाडली: धक्के किती बसले, किती वेळ टिकले? अक्वायनसच्या हिशेबाने पोंबालचे प्रश्न अगदी रास्त, आणि मालाग्रिदाचं ‘निसर्ग नव्हे, देव’ हे सरळ चूक. पण मग जमीन हलली तीही देवाने दिलेल्या शक्तीनेच हलली, हे मान्य करावं लागतं. देव वाईट घडू देतो कारण त्यातून तो चांगलं काढू शकतो, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. वर्गात ते मी समजावून सांगेन. मयताच्या घरी नाही सांगणार.