डिस्कवालाच घ्या, आणि माइक बंद ठेवा

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की दिवाळीच्या बोनसमधून आमच्याकडे प्लेस्टेशन फाइव्ह (पीएस फाइव्ह, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) आलाय, झालं, या महिन्यात कुंड्यांतली कीड आणि पीएफचे प्रश्न मागे पडले आणि निम्मी पत्रं त्याचीच आली. तीन आठवडे झालेत वापरून, तेवढ्यावरून सांगते, मी काही यातली एक्स्पर्ट नाही.

प्रश्न: ताई, एवढे पैसे घालून पहिल्या दिवशी नेमकं वेगळं काय वाटलं? चित्र भारी दिसतं म्हणतात सगळे, ते तर मोबाइलवर पण दिसतं. (डोंबिवली)

चित्राचं खरं सांगू का, आमचा टीव्ही साधा फुल एचडी, जुना. चित्र छानच दिसतं पण डोळे दिपले वगैरे काही नाही, त्यासाठी फोर-के टीव्ही लागतो आणि तो काही आम्ही आत्ता घेत नाही. वेगळं वाटलं ते हातात, म्हणजे कंट्रोलरमध्ये (खेळताना दोन हातांत धरायचं ते बटणांचं यंत्र). मशीनमध्ये अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम नावाचा छोटा गेम आधीपासूनच असतो, फुकट, तो सोडून थेट स्पायडर-मॅनसारख्या मोठ्या गेमवर उडी मारू नका. त्यातला चिमुकला रोबो वाळूतून चालला की तळहाताला खरखर लागते, लोखंडावर गेला की टकटक, आणि पाऊस आला की कंट्रोलरमध्ये तडतड थेंब पडतात, पत्र्याच्या शेडखाली उभं राहिल्यासारखे. कंट्रोलरच्या मागची दोन बटणं, त्यांना ट्रिगर म्हणतात, ती तर ऐन वेळी कडक होतात. एका ठिकाणी रोबो स्प्रिंगवाला बेडकाचा सूट घालतो, तिथे ट्रिगर दाबताना बोटाला खरंच स्प्रिंग दबल्यासारखी लागते आणि सोडला की टुणकन उडी. सासूबाईंच्या हातात दिला तर म्हणाल्या, अगं हे तर आपल्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपासारखं लागतंय! अगदी तस्संच आहे.

लहानपणी भावाकडे कॅसेटवाला गेम होता, कॅसेटवर 9999999 इन 1 लिहिलेलं आणि आत फिरून फिरून तेच सात-आठ गेम, चालला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. ती फुंकर मारायची सवय गेली नाहीये, परवा नवऱ्याने डिस्कवर मारली.

प्रश्न: डिस्कवाला घेऊ की डिजिटल? दुकानदार म्हणतो आता डिस्कचा जमाना गेला. (नाशिक)

दुकानदाराकडे बहुतेक डिजिटलचाच, म्हणजे डिस्क न घालता गेम इंटरनेटवरून विकत घेऊन उतरवायचा त्या मशीनचाच, स्टॉक पडून असेल. हा जो नवा बारीक अंगाचा पीएस फाइव्ह स्लिम आहे, तो एप्रिल 2024 ला भारतात आला तेव्हा डिस्कवाला 54,990 ला आणि बिनडिस्कचा 44,990 ला होता, म्हणजे फरक दहा हजारांचा. आता नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मावसभावाला देता येते, त्याच्याकडची आणता येते. डिजिटल गेम तुमच्या अकाउंटला चिकटला तो चिकटला, सेलमध्ये स्वस्त मिळतो हे खरं, पण नंतर त्याचा एक रुपया परत येत नाही. आम्ही पहिले तीन गेम जुन्या डिस्कच आणल्या, एक खेळून संपला तो विकला पण, हजार रुपये सुद्धा तोटा नाही. शिवाय याच्या आधीच्या मशीनच्या, पीएस फोरच्या डिस्क यात चालतात (पीएस थ्रीच्या नाही चालत). आणि समजा बिनडिस्कचा स्लिम घेऊन बसलाच असाल तर डिस्क ड्राइव्ह वेगळा मिळतो, नंतर जोडता येतो.

फक्त एक गैरसमज माझाही होता की डिस्क घातली म्हणजे लगेच खेळायला सुरुवात. तसं नाही! डिस्क असली तरी गेम मशीनमध्ये इन्स्टॉल होतो, वर त्याचा अपडेट डाउनलोड होतो आणि खेळताना डिस्क आतच लागते. पहिल्या रविवारी मुलाचे चार मित्र बोलावले होते, पोह्यांचा दुसरा घाणा संपला तरी पडद्यावर ती निळी पट्टी सरकतेय. शंभर जीबीचा गेम म्हणजे 50 एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगात चाललं तरी साडेचार तास, म्हणून रात्री लावून झोपा. आणि खोक्यावर 1 टीबी लिहिलंय म्हणून हुरळू नका, आपल्या वाट्याला साडेआठशे जीबीच्या आतबाहेर येतात.

प्रश्न: मुलगा सातवीत आहे. घेऊन दिला तर अभ्यासाचं काय, आणि लाइटबिल? (सांगली)

लाइटबिलाचं सोपं आहे. मोठा गेम चालू असताना साधारण 200 वॅट खातो, म्हणजे पाच तासांना एक युनिट धरा. वारा लागेल असा उघडा ठेवा मात्र, आम्ही पहिले दोन दिवस शोकेसच्या काचेच्या दारामागे ठेवला होता शोभेला, तर आतल्या बाहुल्या गरम व्हायला लागल्या.

अभ्यासाचं मी काय सांगणार, पण मशीनमध्ये सोय आहे. मुलाचं अकाउंट तुमच्या अकाउंटखाली उघडा, स्वतःचं देऊ नका, मग रोज किती वेळ खेळायचं, कुठल्या वयाचे गेम दिसायचे, पैसे किती खर्च करता येतील हे सगळं ठरवता येतं, खर्च शून्य करून ठेवा. आमच्याकडे शाळेच्या दिवशी एक तास आहे. वाद होतात, पण आता वाद मशीनशी होतो, माझ्याशी नाही.

आणि खोक्यात कंट्रोलर एकच येतो हे विसरू नका. दुसरा सहा हजारांच्या आसपास. पीएस फोरचा जुना पडलाय तो चालेल का म्हणाल तर फक्त पीएस फोरच्याच गेमना. भावंडं दोन असतील तर हा खर्च आत्ताच धरा नाहीतर पहिल्याच संध्याकाळी महाभारत.

प्रश्न: भाचा न्यू जर्सीहून येतोय, तिकडून मागवू का? (पुणे)

चालेल, 100 ते 240 व्होल्टला चालतो आणि गेमच्या डिस्कला देशाचं बंधन नाही. पण बिघडला तर वॉरंटीसाठी इथे कोण विचारणार, आणि अकाउंट मात्र भारताचंच उघडा, एकदा उघडल्यावर देश बदलता येत नाही.

प्रश्न: ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे लागतात म्हणे? (लातूर)

विकत घेतलेल्या गेममध्ये मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर पीएस प्लस (प्लेस्टेशनची पैसे भरून घ्यायची वर्गणी) लागतं, हो. फोर्टनाइटसारख्या मुळातच फुकट गेमना लागत नाही, त्यामुळे आम्ही अजून घेतलेलं नाही.

कंट्रोलरमध्ये माइक असतो आणि तो चालूच असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मधल्या पीएसच्या बटणाखाली एक बारीक बटण आहे, ते दाबलं की नारिंगी दिवा लागतो, म्हणजे माइक बंद. हे कळेपर्यंत आठवडाभर आमच्या घरातलं सगळं, भाजीवाल्याशी घासाघीस, सासूबाईंचा गुडघा, माझं नणंदेबद्दलचं एक वाक्य, मुलाच्या टीमला ऐकू जात होतं. एका संध्याकाळी टीव्हीतून कुणाचा तरी आवाज आला, काकू, चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा.