मुतखडा कशाने होतो, आणि दूध-टोमॅटो खरंच बंद करायचं का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: आईच्या सोनोग्राफीत खडा दिसला, नातेवाईक म्हणतात तो कॅल्शियमचाच असणार, म्हणून दूध, टोमॅटो आणि बोअरचं पाणी बंद केलंय. यामागे काही संशोधन आहे का?

डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी बंद केलं नसेल, तर दूध-दही आधी सुरू करा. मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये येणाऱ्या खड्यांचं विश्लेषण करणं हे माझं काम, त्यामुळे हा विषय रोजच्या ओळखीचा.

खड्यात कॅल्शियम सापडतं, म्हणून खाण्यातलं कॅल्शियम तोडा, हा हिशोब इतका सरळ वाटतो की कित्येक वर्षं डॉक्टरही तोच सल्ला द्यायचे. १९९३ साली हार्वर्डमधल्या गॅरी करहन आणि सहकाऱ्यांनी ४५,६१९ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४० ते ७५ वयाचे, आधी कधीच खडा न झालेले लोक, चार वर्षांचा पाठपुरावा. निघालं उलटंच: जेवणातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते.

कारण आतड्यात आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट भाज्यांतून येतं आणि बरंचसं शरीरातही तयार होतं. जेवणात कॅल्शियम असेल तर ते ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि दोघंही शौचावाटे जातात. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात पोचतं. म्हणजे दूध तोडून आपण खड्याला कच्चा माल पुरवत असतो.

हे नुसत्या पाहणीवर थांबलं नाही. इटलीत पार्मा इथे बोर्गी यांच्या गटाने वारंवार खडे होणारे आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे १२० पुरुष घेतले. ६० जणांना कमी कॅल्शियमचा आहार, ६० जणांना नेहमीइतकं कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात १२ जणांना (२००२). मिठाचा इथे मोठा वाटा आहे, कारण मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकतं तेव्हा त्याच्या सोबत कॅल्शियमही जातं. आपल्याकडे दुधावर डोळे वटारतात आणि लोणचं, पापड, फरसाण मात्र ताटात तसंच!

गोळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ३६,२८२ उतारवयाच्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत खडे १७ टक्क्यांनी जास्त आढळले (२००६). आई हाडांसाठी गोळी घेत असेल तर परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना खड्याचं सांगून विचारा.

टोमॅटो बिचारा उगाच बदनाम आहे, त्यात ऑक्झलेट फारसं नसतं आणि बियांचा खडा होत नाही. खरं ऑक्झलेट पालकात आणि अळूत. अळू घशाला खाजतं ना, ते पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. अळू खायचंच तर सोबत दही असू द्या. बोअरच्या जड पाण्यावरही ठाम आरोप सिद्ध झालेला नाही. पाणी किती पितो हे जास्त महत्त्वाचं. पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ जणांवरच्या बोर्गींच्याच चाचणीत (१९९६) रोज किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना.

आता मूळ कोडं. साखरेचा पाक जसा घट्ट झाला की साखरू लागतो, तसं बहुतेकांच्या लघवीत कॅल्शियम ऑक्झलेट विरघळू शकेल त्यापेक्षा जास्त असतं. मग सगळ्यांनाच खडे का होत नाहीत? सुटा स्फटिक मूत्रपिंडातून इतक्या लवकर वाहून जातो की मोठा व्हायला त्याला वेळच मिळत नाही. त्याला कुठेतरी चिकटून बसावं लागतं. १९३७ साली अलेक्झांडर रँडल या अमेरिकन सर्जनने शवविच्छेदनातली मूत्रपिंडं तपासून ती जागा दाखवली: लघवी जिथून ठिबकते त्या टोकांवर पांढरट चट्टे, आणि काही चट्ट्यांवर चिकटलेले खडे. २००३ मध्ये इव्हान, को आणि लिंगमन यांच्या गटाने शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या तुकड्यांत पाहिलं की हा चट्टा कॅल्शियम फॉस्फेटचा असतो आणि अगदी बारीक नलिकांच्या बाहेरच्या पापुद्र्यात सुरू होतो. असा खडा भिंगाखाली कधी कधी सहज ओळखू येतो: तपकिरी, खरखरीत, आणि एका बाजूला छोटीशी खोलगट जागा, तिच्यात पांढरा ठिपका. तिथेच तो चिकटलेला होता. हा चट्टा काहींनाच का होतो, ते अजून उलगडलेलं नाही.

या क्षेत्रात फसलेले दावेही मजेशीर आहेत. १९९८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी 'नॅनोबॅक्टेरिया' खडे घडवतात असं मांडलं. दहा वर्षांत कळलं की ते जिवंत काही नव्हतंच, प्रथिनं लपेटलेले खनिजांचे कण होते. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ४१६ रुग्णांच्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे वर्षानुवर्षं दिलं जाणारं औषध पुन्हा खडा होणं रोखण्यात बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

कोकम आवडणाऱ्यांसाठी एक: २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या जेफ्री रिमर यांच्या गटाने प्रयोगशाळेत दाखवलं की हायड्रॉक्सिसायट्रेट कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक चक्क विरघळवू शकतं. कोकमात ते आम्ल असतं. पण प्रयोगशाळेतला स्फटिक म्हणजे आईचा खडा नव्हे, आणि साखर घातलेलं सरबत तर औषध नव्हेच.

सोनोग्राफीत खड्याचा आकार कळतो, तो कशाचा आहे ते कळत नाही. यूरिक ॲसिडचा असेल किंवा जंतुसंसर्गाचा असेल तर उपाय वेगळे. म्हणून लघवी गाळणीतून करायला सांगा, पडलेला खडा धुऊन, वाळवून कोरड्या डबीत ठेवा आणि विश्लेषणाला द्या. आणि रक्तातलं कॅल्शियम तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासा. ते वाढलेलं निघालं तर पॅराथायरॉइडची, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींची, चाचणी सांगतील. उतारवयातल्या बायकांत हे कारण बऱ्याचदा उशिरा सापडतं.