अनॉमली स्कॅन नॉर्मल आहे, मग फीटल इको कशाला?

लग्नाआधीपासून शुगर, इन्सुलिन चालू, गरोदरपणाचा एकविसावा आठवडा, अनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना, हे बघणारी सोनोग्राफी) नॉर्मल आणि तरी डॉक्टर फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास तपासणी) सांगतात. हा पैसे काढायचा प्रकार आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही हो. करून घ्या. बाळाचं हृदय साधारण आठव्या आठवड्यापर्यंत घडून जातं आणि त्या दिवसांत आईची शुगर वाढलेली असेल तर दोषाची शक्यता वाढते. मी डॉक्टर नाही, पण यातून गेलेय.

थोरल्याच्या वेळी माझ्याही रिपोर्टवर 'हृदयाचे चार कप्पे नॉर्मल' असंच होतं. खोटं नव्हतं ते. कप्पे चारही जागेवर होते, पण त्यांतून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या दिवशी ओठ जांभळे पडले तेव्हा कळलं. मग रात्रीची ॲम्ब्युलन्स, नवव्या दिवशी ऑपरेशन. (आता शाळेत जातो, महाउपद्व्यापी आहे.) आधी कळलं असतं तर बाळंतपणच लहान मुलांची हार्ट सर्जरी होते तिथे केलं असतं.

धाकटीच्या वेळी २२व्या आठवड्यात इको केला. सोनोग्राफीसारखाच, पोटावरून, तोच गार जेल. बाईसाहेब पाठ वर करून झोपलेल्या, मणक्याची सावली नेमकी हृदयावर. "ताई, जरा चालून या," म्हणाले. जिन्यापर्यंत चार फेऱ्या मारल्यावर वळली. मग डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं: दोन्ही वाहिन्या एकमेकींना ओलांडून फुलीसारख्या जायला हव्यात. थोरल्याच्या समांतर होत्या. डॉपलरवरचं, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवतात त्यातलं, लाल-निळं बघून घाबरू नका. लाल म्हणजे प्रोबकडे (पोटावर फिरवतात त्या यंत्राकडे) येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं, एवढंच.

इकोतही सगळं कळत नाही. वरच्या दोन कप्प्यांमधलं एक छिद्र आणि दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी नळी पोटातल्या प्रत्येक बाळात उघडीच असते. ती जन्मानंतर बंद होईल का, हे आधी कोणी सांगू शकत नाही. कप्प्यांमधल्या पडद्यातलं बारीक भोकही निसटतं.

उशीर मात्र करू नका. गंभीर दोष निघालाच, तर गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा प्रश्न वैद्यकीय मंडळाकडे जातो. पुढच्याच आठवड्याची वेळ घ्या. जाताना पहिल्या तीन महिन्यांतले शुगरचे रिपोर्ट न्या, आणि चार कप्प्यांखेरीज दोन्ही वाहिन्या नीट दिसल्या का, हे तिथेच विचारा.