धर्मसेवा त्यांची, सामान दोघांचं

"ताई, यांनी मार्चमध्ये बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. बरीच वर्षं विपश्यना ध्यान करतात, दरवर्षी इगतपुरीच्या केंद्रावर शिबिराला बसतात, सेवाही देऊन आलेत. आता म्हणतात, इंग्लंडच्या केंद्रावर वर्षभर धर्मसेवेला, म्हणजे शिबिरांत बिनपगारी काम करायला जाऊ, दोघंही. मी एकदाच गेले होते, तिसऱ्या दिवशी परत आले. माझे शिवणाचे क्लास आहेत, सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. मी कां-कूं केलं की विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजी यांच्या पत्नीचा दाखला देतात, 'माताजी नव्हत्या का गुरुजींबरोबर जगभर फिरल्या?' पूर्वी हे फार चिडायचे, आता शांत झालेत. पण माझ्याशी बोलणंही कमी झालंय. मी नाही म्हटलं तर स्वार्थी ठरेन का?"
— एक वाचक, नाशिक

स्वार्थाचं नंतर बघू. आधी एक साधी गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि तुमच्या यजमानांना माहीत नसणं शक्य नाही. या केंद्रांवर सेवा द्यायची तर आधी दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेलं लागतं. तीन दिवस चालत नाहीत. म्हणजे आजच्या घडीला तुम्हाला सेवेला कुणी घेणारच नाही, ना इगतपुरीत ना इंग्लंडात. मग 'दोघंही जाऊ' म्हणजे नक्की काय? एक तर तुम्ही मनात नसताना पुन्हा दहा दिवस बसायचं. नाहीतर नुसतं बायको म्हणून मागोमाग जायचं आणि तिकडे वर्षभर खिडकीतून पाऊस बघायचा. त्यांच्या डोक्यात यातलं काय आहे, ते सरळ विचारा.

बसावंसं वाटलं तर जरूर बसा. तिसऱ्या दिवसापर्यंत नुसता श्वासच बघायचा असतो, विपश्यना चौथ्या दिवशी शिकवतात. म्हणजे तुम्ही दारातूनच परत आलात. त्यात कमीपणा काही नाही. पहाटे चारची घंटा सगळ्यांना मानवतेच असं नाही. पण कुणाच्या व्हिसासाठी बसू नका.

आता ते 'बरोबर सेवा करू' प्रकरण. शिबिर चालू असताना बायका आणि पुरुष वेगळे राहतात, सेवकसुद्धा, आणि नवरा-बायको असले तरी. सेवकांनाही तेवढे दिवस ब्रह्मचर्य पाळावं लागतं. त्यांची खोली एका बाजूला, तुमची दुसऱ्या बाजूला, बोलणं कामापुरतं. ते तिकडे भांडी घासणार, तुम्ही इकडे गाजरं सोलणार, आणि एक शिबिर संपलं की थोड्या दिवसांत दुसरं. यात वाईट काही नाही, पुष्कळ जोडपी आनंदानं करतात. पण निवृत्तीनंतर दोघांना एकमेकांसाठी निवांत वेळ मिळेल, असं कुणी रंगवून सांगत असेल तर तसं ते नाही.

माताजींचा दाखला तर मला अजिबात पटला नाही. माताजी, म्हणजे इलायचीदेवी, स्वतः साधिका होत्या, ब्रह्मदेशात गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेल्या. गोयंका गुरुजींच्या शेजारी त्या आचार्य म्हणून बसायच्या. नवऱ्याचं मन राखायला आलेली बाई म्हणून नव्हे. आणि दाखलाच द्यायचा तर गुरुजींचा संसारही आठवावा. व्यापारी, मुलाबाळांचा गृहस्थ माणूस. त्यांनी ही विद्या संसारी लोकांना संसारात राहून करायला शिकवली.

तुमच्या यजमानांची थट्टा करायची नाही मला. चिडका माणूस शांत झाला हे थोडं नाही, त्याचं श्रेय त्यांना द्या, तोंडावर द्या. पण तुमच्या पत्रातली खरी बोच इंग्लंडची नाहीच, ती बोलणं कमी झाल्याची आहे. शिबिरातलं मौनसुद्धा दहाव्या दिवशी सुटतं. घरातलं कधी सुटणार, हे त्यांना विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ते केंद्राकडे जातायत की तुमच्यापासून दूर, हे मी पत्रावरून ओळखू शकत नाही. तुम्हाला ते त्यांच्या उत्तरावरून कळेल, किंवा उत्तर टाळण्यावरून.

व्यवहाराचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच सेवा देता येते. वर्षभरासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा, आणि त्यासाठी संस्थेनं प्रायोजकत्व द्यावं लागतं. केंद्र ते देतं का, हे त्यांनी आधी लेखी विचारावं. सेवेला पगार नसतो. सहा महिन्यांपेक्षा मोठा व्हिसा असला की आरोग्यसेवेचा अधिभार माणशी वर्षाला १०३५ पौंड, तोही अर्जाबरोबरच. एवढा खर्च फंडातून करायचा, तर खात्यात दोघांची सही लागते असं समजून बसा.

मला विचाराल तर त्यांनी आधी इगतपुरीतच दोन-तीन महिने सलग सेवा द्यावी. आठवड्याची सेवा आणि महिनोन् महिन्यांची सेवा यात फरक आहे, अंगाला आणि मनालाही. तरीही हौस टिकली तर एकट्यानं व्हिजिटर व्हिसावर जाऊन यावं. तुम्ही तिकडे नसलात म्हणून त्यांचं पुण्य घटत नाही. स्वार्थी म्हणाल तर नाही, तुम्ही स्वार्थी नाही. वर्षभर क्लास बंद ठेवले तर मुली दुसरीकडे जातील, एवढा साधा हिशोब तुम्ही करताय. जूनची बॅच घ्या.

राहिल्या सासूबाई. त्या आई कुणाच्या? पत्रात तुम्ही त्यांना स्वतःच्या अडचणींत मोजलंय, त्यांच्या मुलाच्या नाही. वर्षभर त्यांच्याजवळ कोण असेल, रात्री-अपरात्री डॉक्टरकडे कोण नेईल, हे ठरवणं आधी तुमच्या यजमानांचं काम आहे, मग तुमचं. आणि सासूबाईंना हा बेत अजून कुणी सांगितलेलाच दिसत नाही. तो त्यांच्या कानावर मुलानंच घालू द्या, तुम्ही समोर असताना.