काटकसर करून जुन्या वस्तू वापरणारा माणूस दानशूर असू शकतो का?

तुम्ही विचारलंय की टाटा-प्रेमजींसारख्या दानशूर उद्योगपतींकडून प्रेरणा मिळते हे खरं, पण तुमचे वडील घरात जुन्या वस्तू साठवून परत परत वापरतात तो मात्र तुम्हाला कंजूषपणा वाटतो, तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, आणि असेल तर ही सवय लावून घ्यायला सुरुवात कुठून करायची. संबंध आहे. माझ्या मते दोन्ही एकच आहे, आणि वडिलांना कंजूष म्हणायच्या आधी जरा थांबा हे मी स्पष्टच सांगते, कारण हाच शब्द माझ्या घरात एका माणसाला आयुष्यभर ऐकावा लागला.

आधी टाटांचं घ्या. टाटांची मुख्य कंपनी टाटा सन्स, तिचे 66 टक्के शेअर धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत, बंगळूरची विज्ञान संस्था 1909 ची, परळचं टाटा हॉस्पिटल 1941 चं, हे सगळं सगळ्यांना पाठ असतं. पण जमशेटजींची पहिली गिरणी कुठली ते विचारा, फार थोडे सांगतील. 1869 साली त्यांनी चिंचपोकळीची एक दिवाळं निघालेली तेलाची गिरणी विकत घेतली आणि तिचीच कापडगिरणी केली. नवीन जागा, नवीन इमारत असं काही नाही, दुसऱ्याने सोडून दिलेलं घेतलं आणि चालवून दाखवलं. नागपूरची मोठी एम्प्रेस मिल त्यानंतर, 1877 ची. दुसऱ्याला मोडीत काढण्यासारखं दिसतं त्यात अजून काय दम आहे हे ज्याला दिसतं त्याच्याच हातात पुढे द्यायला काहीतरी उरतं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात दानशूर म्हटलं की भागोजीशेठ कीरांचं नाव येतं. गरीब भंडाऱ्याचं पोर, मुंबईला जाऊन बांधकामाचे ठेकेदार झाले, आणि रत्नागिरीत सगळ्या जातींना मोकळं असलेलं पतितपावन मंदिर 1931 साली उभं राहिलं ते त्यांच्या पैशाने. दादरला शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीला त्यांचंच नाव आहे. आमच्या अण्णांना (माझे सासरे) या माणसाचा भारी अभिमान, रत्नागिरीला कामाला गेले की देवळात जाऊन आल्याशिवाय परतायचे नाहीत.

आता अण्णांचं सांगते, कारण मूळ मुद्दा तोच आहे. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राला लागून, मंगलोरी कौलांचं. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, मग तिकडे बरेच कारखाने झाले आणि ती कौलं गलबतांनी आपल्या बंदरांत उतरायची. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप उठवलेला असतो. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की एका छापाचं कौल दुसऱ्या छापाच्या कौलात नीट बसतच नाही, खाचा जराशा मागेपुढे असतात, लांबी बोटभर कमीजास्त असते, आणि त्या फटीतून पावसाळाभर थेंब थेंब गळत राहतं ते थेट भिंतीत मुरतं. म्हणजे छपराची पाच कौलं फुटली तर बाजारातून पाच नवी आणून भागत नाही. त्याच छापाची पाच जुनीच लागतात.

म्हणून अण्णा गावात कुठलं जुनं घर उतरवायला काढलं की तिथे हजर. प्रत्येक कौल डाव्या हातात धरायचं, बोटाच्या पेराने मागून टकटक करायचं, खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला म्हणजे आत चीर आहे, ते बाजूला. मग काथ्याने घासून शेवाळ काढायचं आणि गोठ्यामागे फळीवर उभी रचायची, आडवी कधीच नाही, आडवी ठेवली तर पाणी धरतात आणि खालची वजनाने तडकतात. छापाप्रमाणे वेगवेगळ्या राशी. विंचू असतात त्यात, म्हणून काठीने आधी ठोकून मग हात घालायचा हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं त्यांनी. तशीच मासेमारीची जुनी जाळी, ती परसातल्या भाजीला कोंबड्यांपासून आडोसा म्हणून आणि गवताच्या उडवीवर बांधायला. जुने वासे, रिपा, खिळे सुद्धा सरळ करून डब्यात.

माझे धाकटे दीर, भावजी, डोंबिवलीला असतात. दर गणपतीला आले की गोठ्यामागची रास बघून त्यांचं सुरू, अण्णा किती चिकट तुम्ही, फेका ते भंगार, सरळ पत्रे घाला, खर्च मी करतो. अण्णा काही बोलायचे नाहीत. मीच बोलायचे, आणि मग आमची जुंपायची.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्या दिवसाचं फार लिहीत नाही, ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. नारळ-पोफळी आडव्या, लाइट कितीतरी दिवस नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि घर बघावं तर निम्म्या छपरातून आभाळ. पाऊस तोंडावर. लॉकडाऊन चालू, त्यामुळे मुंबईहून माणूस यायची मारामार आणि सुतारही मिळेनात. बाजारात कौल मिळेना, पत्रा मिळेना, मिळाला तर भाव विचारायची सोय नाही. ज्यांनी पत्रे घातले होते त्यांचे पत्रे शेतात जाऊन पडले होते, मुरगळलेले. कौलंही उडाली, नाही असं नाही, पण कौल उडतं ते सुटं सुटं, उरलेली कौलं जागेवर राहतात, वासे शाबूत राहतात, म्हणजे भर घालता येते.

गोठ्यामागच्या राशीतून आमचं घर शाकारून झालं. आणि मग ऐंशीच्या घरातले अण्णा वाडीत घरोघर हिंडले, प्रत्येकाच्या फुटक्या कौलाचा तुकडा उलटा करून छाप बघायचा, आपल्या राशीत त्या छापाची असतील तर "पोरांना पाठव, घेऊन जा". पैसे घेतले नाहीत. हा माणूस म्हणे चिकट!

आमच्या राशीत नव्हते त्या छापांसाठी तालुक्याच्या एका शेठकडे जावं लागलं. मोडलेल्या घरांचं सामान घ्यायचं, लाकूड, दारं, कौलं निवडून विकायची हा त्यांचा धंदा, माझ्या मते आमच्याकडचे खरे उद्योगपती तेच. त्यांच्या वखारीत माझ्या समोर एक रिसॉर्टवाला उभा होता, सगळी कौलं एकदम उचलतो, म्हणाल तो भाव देतो म्हणत होता. शेठ म्हणाले, "पाऊस संपल्यावर या, आत्ता ही कौलं ज्यांच्या घरात पोरंबाळं भिजतायत त्यांची." आम्हाला वादळाच्या आधीचाच भाव लावला, वाडीतल्या बऱ्याच जणांना उधारीवर दिली, वहीत नाव लिहिलं आणि गणपतीनंतर बघू म्हणाले, एका एकट्या म्हातारीच्या घराची तर स्वतःच्या टेम्पोतून पोचवली आणि वहीत लिहिलीच नाहीत. कोणी फोटो काढला नाही की बोर्ड लावला नाही.

भावजींचं यावर म्हणणं असं की त्याचं काय गेलं, भंगारच होतं, वर फुकटात जाहिरात झाली. आणि अण्णांनी अर्धी रास फुकट वाटली म्हणून तेव्हा त्यांनी अण्णांना उधळ्या म्हटलं. म्हणजे साठवलं तेव्हा चिकट आणि दिलं तेव्हा उधळ्या. एकाच माणसाला हे दोन्ही शब्द कसे लागू होतील ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. ज्याने जपून ठेवलं त्यालाच वेळेला देता आलं, शेठचं तेच, अण्णांचं तेच, आणि आकडे सोडले तर टाटांचं पण तेच. 2019 मध्ये अझीम प्रेमजींनी दिलेलं धरून विप्रोच्या 67 टक्के मालकीचं उत्पन्न समाजकामाला लावलंय, तो माणूस विमानाने साध्या वर्गातून प्रवास करतो म्हणून लोक नवल करतात, मला त्यात नवल वाटत नाही.

पण एक राग आहे तोही लिहिते. त्याच वादळानंतर मदतीचे ट्रक आले, धान्य आलं, ताडपत्र्या आल्या, त्या माणसांचे उपकार आहेत. पण काही गाड्यांतून जुने कपडे आले ते कसे, फाटके, बटणं तुटलेले, घामट वासाचे, एका पायातली चप्पल. रस्त्याकडेला ढीग पडून पावसात कुजला आणि शेवटी आम्हीच बायकांनी उचलून टाकला. याला जुनं वापरणं म्हणत नाहीत, हे आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं झालं. जुन्याला हात लावावा लागतो, निवडावं लागतं, धुवावं लागतं. 1999 पासून 'गूंज' या संस्थेचं काम चाललंय ते बघा, ती काढणाऱ्या अंशु गुप्तांना 2015 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते शहरातले जुने कपडे आधी निवडून नीट करतात आणि गावातल्या लोकांनी विहीर, रस्ता, बंधारा असं स्वतःच्या गावाचं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून देतात, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. अण्णा गेले तेव्हा त्यांची धोतरं आणि सासूबाईंची जुनी लुगडी लावून मी वाकळ शिवली, ती माझ्या मुलाच्या अंगावर असते, आणि नवीन ब्लँकेटपेक्षा ती ऊबदार आहे हे मी भावनेने बोलत नाही, सात-आठ पदर सुती कापड आहे ते.

सुरुवात कुठून करायची याचं उत्तर द्यायचं राहिलंच. ज्याचा जोड बाजारात मिळत नाही ते आधी ठेवा. आमच्याकडे कौल, तुमच्याकडे दुसरं काही असेल, वडिलांना विचारा, त्यांना माहीत असणार. आणि ठेवायचं तर वर्षातून एकदा काढून, पुसून, मोडलेलं वेगळं करून, नाहीतर ती अडगळच होते. सगळंच ठेवावं असंही नाही. जुने सिमेंटचे पत्रे कापायला, घासायला जाऊ नका, त्यात अ‍ॅसबेस्टॉस असतं आणि ती भुकटी फुफ्फुसाला वाईट. रंगाच्या डब्यात पिण्याचं पाणी नको. जुनी वायर, गॅसची जुनी नळी अजिबात नको. आणि फाटकी जाळी किनाऱ्यावर सोडून देऊ नका, आमच्या बाजूला आंजर्ले, वेळासला कासवं अंडी घालायला येतात, त्यात अडकतात. हे अण्णासुद्धा मान्य करायचे, वायरीच्या बाबतीत तर ते फार कडक होते.

बाकी भावजी हे वाचणार मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहून ठेवते. गोठ्यामागची उरलेली कौलं कुठल्याही रिसॉर्टवाल्याला विकायची नाहीत, भाव कितीही येऊ दे. घराची वाटणी व्हायची तेव्हा होईल, ती रास वाडीची म्हणून वेगळी काढायची, आणि शिमग्याला याल तेव्हा काठी घेऊन माझ्याबरोबर या, छाप कसे ओळखायचे ते दाखवते.