लेकीसाठी सॉफ्टबॉलचं कॉलेज शोधताना

ताई, अमेरिकेत लेकीसाठी सॉफ्टबॉलचं कॉलेज कसं शोधायचं, असं विचारलंत. लेक दहावीत आहे म्हणजे अजून उशीर झालेला नाही. डिव्हिजन वनच्या (कॉलेजच्या खेळांचे तीन गट असतात, त्यातला सर्वांत वरचा) कोचना अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरआधी मुलीशी प्रवेशाबद्दल बोलता येत नाही, म्हणून तिच्या ईमेलला उत्तर आलं नाही तर खट्टू होऊ नका. ईमेल मात्र तिनंच लिहायची, तुम्ही नाही.

कॉलेजचं नाव नंतर, आधी संघाची यादी उघडा. तुमची लेक कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी. तिथे तीन कॅचर असतील आणि त्यातल्या दोघी पहिल्या वर्षाला, तर तिला बाकावरच बसावं लागेल.

डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसतेच, पण अभ्यासावर आणि गरजेनुसार मदत मिळते. आम्हाला तेच स्वस्त पडलं. डिव्हिजन वन-टूसाठी १६ कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान असे शाळेतले मुख्य विषय) लागतात, ते आत्ताच तपासून घ्या.

सामना बघायला गेलात की डगआउटजवळ (खेळाडू बसतात त्या जागेजवळ) बसा. एका ठिकाणी स्ट्राइकआउट होऊन (तीन स्ट्राइक पडून बाद होऊन) मुलगी परतली, तर कोचनं पाठ फिरवली. बाकावरची एकही उठली नाही. माझी लेक हळूच म्हणाली, "बाबा, इथे नको." दुसरीकडे कोच तशाच मुलीशेजारी बसून बॅटची पकड दाखवत होत्या. तिथेच माझी लेक चार वर्षं खेळली.

तुमच्या लेकीला इंजिनिअरिंग करायचंय ना? मग लॅब आणि सराव एकाच वेळी येतात का, हे कोचना नको, संघातल्या इंजिनिअरिंगच्या मुलीला विचारायला सांगा.