हरिकेनच्या पोटातला टोर्नेडो

प्रश्न: ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मिल्टन हरिकेन (समुद्रावरून येणारं मोठं चक्रीवादळ) फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळलं. मग पूर्व किनाऱ्यावर फोर्ट पिअर्सजवळ माणसं गेली, तीही काही तास आधी, हे कसं?

उत्तर: मिल्टनचा डोळा, म्हणजे वादळाचा मधला शांत भाग, रात्री साडेआठच्या सुमारास सिएस्टा कीला लागला. तिथून सुमारे २२० किलोमीटरवरच्या सेंट लूसी काउंटीत, फोर्ट पिअर्सजवळच्या स्पॅनिश लेक्स या वसाहतीत, टोर्नेडो (ढगातून जमिनीवर उतरणारा वाऱ्याचा अरुंद भोवरा) शिरला तो अंधार पडायच्या आत. तिथे सहा जणांचा बळी गेला. हरिकेनमधले टोर्नेडो बहुतेक वेळा डोळ्यापासून लांब, बाहेरच्या पावसाच्या पट्ट्यांत जन्मतात. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीचा उजवीकडचा पुढचा भाग त्यासाठी सर्वांत वाईट. समुद्रावरून आलेला वारा जमिनीला घासून खाली मंदावतो, पण किलोमीटरभर उंचीवरचा तसाच पळत राहतो. या फरकामुळे मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते आणि ढगात वर चढणारा झोत तिला उभी करतो. दोन पट्ट्यांच्या मधे ऊन पडलं की जमीन तापते, हा झोत आणखी जोर धरतो. म्हणून डोळा दूर असताना पडलेल्या उन्हावर विश्वास ठेवू नका.

असे बहुतेक टोर्नेडो दुबळे आणि काही मिनिटांचे असतात. स्पॅनिश लेक्सचा मात्र टोर्नेडोचा जोर मोजणाऱ्या ० ते ५ च्या श्रेणीत ईएफ-३ होता, म्हणजे वारा ताशी २१९ ते २६६ किलोमीटरच्या टप्प्यातला. त्या एका दिवसात फ्लोरिडात टोर्नेडोचे १२६ इशारे निघाले.

प्रश्न: आईवडील किनाऱ्यालगत मोबाइल होममध्ये (कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहतात. घर जमिनीला पट्ट्यांनी आवळलेलं आहे. हरिकेन दुसरीकडे जाणार असेल तर त्यांनी घरीच थांबावं का?

उत्तर: नाही. पट्टे आणि अँकर घराला उलटण्यापासून काही प्रमाणात रोखतात, पण जोरदार टोर्नेडोत भिंती आणि छप्परच सुटून जातं, तळाची चौकट तेवढी अँकरला धरून राहते. स्पॅनिश लेक्समध्येही अशीच कारखान्यात बांधलेली घरं होती.

‘वॉच’ म्हणजे टोर्नेडोला पोषक हवा आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसला आहे किंवा रडारवर फिरकी पकडली गेली आहे. हरिकेनमध्ये वॉर्निंगनंतर हाताशी काही मिनिटंच असतात, शिवाय टोर्नेडो पावसाच्या पडद्याआड असल्याने डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे वॉच लागला की, किंवा त्याही आधी, पक्क्या इमारतीत जायचं. तिथे सर्वांत खालचा मजला, बिनखिडकीची आतली खोली, पायात बूट, डोक्यावर हेल्मेट. फोनवरचे आणीबाणीचे इशारे चालू हवेत. शटर लावलेल्या घरातून बाहेरचं काही कळत नाही.

एक पेच मात्र खरा आहे. टोर्नेडोसाठी खाली जायचं, तर समुद्राच्या उधाणासाठी वर. उधाणाच्या पट्ट्यातल्या घरात दोन्हींपासून वाचवणारी जागा सापडत नाही, म्हणून तिथून आदल्या दिवशीच निघावं.

खिडक्या उघड्या ठेवून ‘दाब सारखा’ करायला मुळीच जाऊ नका. छप्पर उडतं तेच वारा आत शिरल्याने. गॅरेजचा रुंद दरवाजा आधी आत दबतो, मग आतला वारा छपराला खालून उचलतो आणि बाहेरचा वरून ओढतो. एकच गोष्ट मजबूत करायला पैसे असतील तर तो दरवाजा करा.

प्रश्न: छपराला भोक पडलं आहे. ताडपत्री टाकली तरी गळतं. काय चुकतं?

उत्तर: बहुधा ताडपत्री आढ्याच्या अलीकडेच संपली असेल. वरची कड उघडी राहिली की उतारावरून येणारं पाणी तिच्याखाली सरकतं. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान तीन-चार फूट न्या, भोकाच्या दोन्ही बाजूंनाही तेवढीच. कड एका लाकडी पट्टीला दोन वळसे गुंडाळा, पट्टी छपराला स्क्रूने घट्ट बसवा. नुसत्या ताडपत्रीवर ठोकलेला खिळा कापड फाडून बाहेर येतो. वीट ठेवलीत तर ती पुढच्या वाऱ्यात खाली कोणाच्या डोक्यात येईल. ओल्या छपरावर चढू नका. चढण्याआधी फोटो काढा. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा; धूर आत आला तर वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

प्रश्न: नुकसान टोर्नेडोने केलं, मग विमा कंपनी हरिकेनचा डिडक्टिबल (भरपाईआधी आपण स्वतः सोसायची रक्कम) कसा लावते?

उत्तर: फ्लोरिडाच्या कायद्यात हरिकेनमुळे आलेला टोर्नेडोही हरिकेनच्या वाऱ्यातच मोडतो. राज्याच्या कोणत्याही भागासाठी हरिकेनचा वॉच किंवा वॉर्निंग निघाल्यापासून शेवटचा उठल्यावर ७२ तासांपर्यंत ही मुदत चालते. डिडक्टिबलच्या टक्क्यांचा हिशोब नुकसानावर नसतो, घराच्या विमा रकमेवर असतो: तीन लाख डॉलरच्या घराला २ टक्के म्हणजे सहा हजार डॉलर तुमचे. उधाणाचं पाणी यात बसत नाही, त्यासाठी वेगळा पूरविमा लागतो. सरकारी योजनेतला पूरविमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो, तेव्हा वादळाचं नाव ऐकल्यावर तो घेऊन उपयोग नाही.

प्रश्न: टोर्नेडो होता की नुसता हरिकेनचा वारा, हे नंतर ओळखता येतं?

उत्तर: झाडं पाहा. सरळ वाऱ्यात ती एकाच दिशेला निजतात. टोर्नेडोत एका अरुंद पट्ट्यात आडवीतिडवी, एकमेकांकडे तोंड करून पडतात, आणि शेजारचं घर धड असतं. उभ्या राहिलेल्या भिंती पाहा: चिखल, पानांचा चुरा आणि छपरात उष्णता रोखायला घातलेला गुलाबी कापसासारखा थर चारही बाजूंना चिकटलेला दिसला तर वारा फिरत होता असं समजा. भिंती धुण्याआधी याचे फोटो काढून ठेवा.